हरवलेला ग्रह कितीसा आठवतो? सुपरमॅनच्या जन्मकथेची ८६ वर्षे

१/
जून १९३८ ही तारीख छापलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक अमेरिकेत १० सेंटला मिळत असे. सुपरमॅनची संपूर्ण जन्मकथा त्यात एका पानात उरकलेली आहे. एक दूरचा ग्रह वृद्धत्वाने नष्ट होतो. तेथील एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला घाईघाईने बनवलेल्या यानात ठेवून पृथ्वीकडे धाडतो. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारचालकाला ते झोपलेले मूल सापडते आणि तो ते अनाथालयाच्या स्वाधीन करतो. ग्रहाला नाव नाही, शास्त्रज्ञाला नाव नाही, मुलाच्या आईचा उल्लेखही नाही. क्लार्क केंट हे नाव आहे, पण ते त्याला कोणी दिले याचा खुलासा नाही.

२/
आज जगभरच्या वाचकांना जी जन्मकथा तोंडपाठ असते, तिचा बराचसा भाग या पानानंतरचा आहे. क्रिप्टॉन, जोर-एल, लारा, शेतकरी केंट दांपत्य, स्मॉलव्हिल हे सारे नंतर आले आणि आल्यावरही स्थिर राहिले नाही. साधारण दर पिढीला ही कथा मुळापासून नव्याने सांगितली जाते.

यामागे व्यवसाय असतो हे उघड आहे. नवा वाचक हवा असतो, जुन्या अंकांचा गुंता त्याच्या माथी मारायचा नसतो. परंतु तेवढ्याने कथेतले बदल समजत नाहीत. प्रत्येक पुनर्कथनकाराला एक निर्णय घ्यावाच लागतो : या मुलाला आपला हरवलेला ग्रह किती आठवतो? आणि त्यावरून, हा मुलगा कोणाचा?

३/
मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. नदीत सोडून दिलेल्या कर्णाला कौंतेय म्हणावे की राधेय, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला आहे. रणजित देसाई यांनी आपल्या कादंबरीला ‘राधेय’ हे नाव दिले तेव्हा वाढवणाऱ्या आईचे नाव त्यांनी मुखपृष्ठावरच लिहिले होते. अमेरिकी चित्रकथेत हाच वाद ‘काल-एल की क्लार्क’ या रूपात चालत आला आहे.

४/
सुपरमॅनचे दोन्ही जनक १९१४ साली जन्मले. लेखक जेरी सीगल क्लीव्हलंडचा, आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. चित्रकार जो शुस्टर कॅनडातील टोरांटोचा. त्याचे वडील रॉटरडॅमहून आलेले, आई कीव्हची. दोघांची गाठ क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कुलात पडली. दोघेही चश्मिष्ट, बुजरे, विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांचे वेडे. ते दहा वर्षांचे होते तेव्हा, १९२४ मध्ये, अमेरिकेने स्थलांतराचा नवा कायदा करून पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली. त्यांच्या घरांतील मोठ्या माणसांनी सोडलेला देश तेव्हापासून अधिकच दूर गेला.

२ जून १९३२ रोजी सीगलचे वडील आपल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात एका चोरीच्या वेळी कोसळले आणि मरण पावले. मुलाला वाचवून स्वतः नाहीसा होणारा बाप त्यानंतरच्या काही वर्षांत कागदावर उतरला. यात थेट कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही. सीगलने त्याविषयी जाहीरपणे फारसे सांगितले नाही.

५/
मूळ कल्पना मात्र परग्रहाची नव्हतीच. १९३३ च्या जानेवारीत दोघांनी स्वतःच्या हस्तनिर्मित मासिकात छापलेला पहिला ‘सुपरमॅन’ खलनायक होता. मग १९३४ मध्ये सीगलने रसेल कीटन या चित्रकाराबरोबर एक आराखडा रचला. त्यात मूल येते ते पृथ्वीच्याच दूरच्या भविष्यातून. पृथ्वीवरचा शेवटचा मनुष्य त्याला कालयंत्रात ठेवून मागे पाठवतो, आणि ते केंट नावाच्या दांपत्याला सापडते. हा आराखडा विकला गेला नाही. पुढे त्याची आठवण पुन्हा येईल.

६/
१ मार्च १९३८. तेरा पानांची पहिली कथा, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. तेवढ्या रकमेत सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. इतर कामाचे पैसे मिळून धनादेश ४१२ डॉलरचा होता. तो कागद टिकून राहिला आणि २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

७/
कथा पसरू लागली तशी जन्मकथाही फुगू लागली. १६ जानेवारी १९३९ पासून वृत्तपत्रांत दैनिक चित्रमालिका सुरू झाली. तिच्यात क्रिप्टॉनला नाव मिळाले, जोर-एल आणि लोरा हे आईबाप अवतरले. त्याच वर्षी उन्हाळ्यात निघालेल्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकात केंट नावाचे वृद्ध जोडपे आले. बळ लपवून ठेव, वेळ येईल तेव्हा माणसांच्या भल्यासाठी वापर, हा उपदेश तिथे प्रथम येतो.

लोराची लारा झाली ती १९४२ मध्ये जॉर्ज लोदर यांच्या कादंबरीत. जोर-एलच्या नावाचे स्पेलिंगही तेव्हाच बदलले. नभोवाणीवर १९४० साली सुरू झालेल्या मालिकेत तर सुपरमॅन यानातून बाहेर पडतो तो चांगला प्रौढ होऊन! बालपणावर वेळ घालवण्याची नभोवाणीला गरज वाटली नाही. क्रिप्टोनाइट ही वस्तूसुद्धा आधी नभोवाणीवर ऐकू आली, १९४३ मध्ये. छापील चित्रकथेत ती पोहोचायला १९४९ उजाडले.

८/
१९४९ च्या त्या अंकात, म्हणजे ‘सुपरमॅन’ ६१ मध्ये, एक विलक्षण गोष्ट घडते. क्रिप्टोनाइटच्या प्रभावाने दुबळा झालेला सुपरमॅन त्या दगडाचा माग काढत काळात मागे जातो, एक ग्रह फुटताना पाहतो, त्यातून सुटलेल्या यानाचा पाठलाग करतो आणि तेव्हा त्याला प्रथमच समजते, की यानातले बाळ म्हणजे तो स्वतः.

वाचकांना दहा वर्षांपासून ठाऊक असलेली गोष्ट नायकाला त्या दिवशी कळली. तोवर तो आपल्याला पृथ्वीचाच समजत होता.

९/
कळले आणि मग विसरणे अशक्य झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्रिप्टॉन जवळजवळ दर अंकात परत येऊ लागला. १९५८ मध्ये बाटलीत बंद केलेले, सूक्ष्म झालेले कँडोर शहर सापडले. १९५९ मध्ये चुलत बहीण सुपरगर्ल आली. सोबत कुत्रा क्रिप्टो होताच. सुपरमॅनला आता पाळण्यातले दिवससुद्धा लख्ख आठवत. त्याच्या गुप्त गडावर आईबापांचे पुतळे उभे राहिले.

या काळातील कथांना पोरकट म्हणण्याची पद्धत आहे. महाकुत्रा आणि महामांजर पाहता ती अगदीच अन्यायाची नाही. पण त्या रंगीबेरंगी गर्दीतून एक न संपणारे सुतक डोकावते, तिकडे लक्ष जात नाही.

१०/
त्यातील सर्वांत हृद्य कथा नोव्हेंबर १९६० च्या ‘सुपरमॅन’ १४१ मध्ये आहे. सुपरमॅन अपघाताने भूतकाळातील क्रिप्टॉनवर जाऊन पोहोचतो. तेथील तांबड्या सूर्याखाली त्याचे बळ नाहीसे होते. तो सामान्य माणूस म्हणून आपल्या तरुण आईबापांना भेटतो, पण आपण त्यांचे पुत्र आहोत हे सांगत नाही. लायला लेरोल या अभिनेत्रीवर त्याचे प्रेम जडते. ग्रह फुटणार हे त्याला ठाऊक असते आणि तो त्यांच्याबरोबर मरायला तयार होतो. शेवटी एका चित्रपटाच्या चित्रीकरणातील यान त्याला नकळत अवकाशात उडवते आणि त्याला दुरून ते सगळे पुन्हा गमवावे लागते.

या कथेवर लेखकाचे नाव छापलेले नव्हते. लेखक होता जेरी सीगल.

११/
इथे थोडे थांबणे भाग आहे. १९४७ मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी हक्कांसाठी न्यायालयात धाव घेतली होती. १९४८ मध्ये तडजोड झाली, काही रक्कम मिळाली, आणि सुपरमॅनच्या पानांवरून दोघांची नावे गेली. त्याच वर्षी, नायकाच्या दशकपूर्तीच्या निमित्ताने, ‘सुपरमॅन’ ५३ मध्ये जन्मकथा पहिल्यांदा सविस्तर नव्याने सांगितली गेली. लेखन बिल फिंगर यांचे, चित्रे वेन बोरिंग यांची. जन्मदात्यांची नावे पुसली जाणे आणि जन्मकथेची अधिकृत प्रत तयार होणे, दोन्ही एकाच वर्षीचे.

१९५९ मध्ये पैशांच्या ओढाताणीमुळे सीगल त्याच प्रकाशनाकडे निनावी पगारी लेखक म्हणून परतला. स्वतःच निर्माण केलेल्या, पण आता स्वतःच्या न उरलेल्या जगात अनोळखी पाहुणा होऊन वावरणारा माणूस त्या अवस्थेत ‘सुपरमॅन’ १४१ ची कथा लिहीत होता.

१२/
१९६० च्या दशकाच्या मध्यास हक्कांचा वाद पुन्हा उकरला गेला आणि ते कामही सुटले. पुढे सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा सीगलने संतापून वृत्तपत्रांना एक लांबलचक पत्रक पाठवले. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी प्रकरण हाती घेतले. डिसेंबरात दोघांना दरसाल प्रत्येकी २०,००० डॉलर मान्य झाले आणि त्यांची नावे परत आली. तेव्हापासूनच्या प्रत्येक पुनर्कथनावर ती आहेत.

१३/
१९७८ च्या त्या चित्रपटाने जन्मकथेत दोन गोष्टी कायमच्या घातल्या. क्रिप्टॉन स्फटिकांचा, थंड, पांढरा झाला आणि स्मॉलव्हिल कॅन्सासमध्ये गेले. छातीवरचे चिन्ह इंग्रजी अक्षर न राहता एल घराण्याचे चिन्ह झाले. त्या एका कल्पनेतून पुढे बरेच काही उगवले.

१४/
मग आले १९८६. प्रकाशकाने आपल्या साऱ्या विश्वाची पाटी पुसली होती आणि सुपरमॅन नव्याने रचण्याचे काम जॉन बर्न यांच्याकडे आले. सहा अंकांच्या ‘द मॅन ऑफ स्टील’ने आधुनिक पुनर्कथनांचा पायंडा पाडला. पुढचा प्रत्येक लेखक एकतर बर्नशी सहमत असतो किंवा भांडत असतो.

बर्न यांचा क्रिप्टॉन निर्जंतुक आहे. माणसे एकमेकांना स्पर्श करत नाहीत, अंगभर वस्त्रे ओढून वावरतात, मुले यंत्रातील गर्भकोषात वाढतात. जोर-एलने पत्नीवर प्रेम करणे हीच तिथे विकृती आहे. पृथ्वीवरच्या उघड्या छातीच्या शेतकऱ्याचे चित्र पाहून लारा शहारते. अशा ग्रहाबद्दल कोणी हळहळावे तरी कशाला?

१५/
बर्न यांनी सुपरगर्ल, क्रिप्टो, कँडोर सर्व काढून टाकले. सुपरमॅन खरोखरच एकटा उरला. आणि जुन्या कथेत मुलगा मोठा होताच मरणारे केंट दांपत्य त्यांनी जिवंत ठेवले. संकटातून सुटल्यावर क्लार्क आता घरी जाऊन आईच्या स्वयंपाकघरात बसू शकत होता. हा बदल फार मोठा होता आणि फार यशस्वीही.

आपला जन्म परग्रहावरचा आहे हे या क्लार्कला उशिरा कळते. शेवटच्या अंकात जोर-एलची प्रतिमा क्रिप्टॉनचे समस्त ज्ञान त्याच्या मेंदूत ओतते. ते घेऊनही तो ठरवतो, की बीज तिकडचे असेल, पण माणूसपण इथले.

१६/
यात एक तांत्रिक गंमत आहे. यानातून आला तो जन्मलेला मुलगा नव्हे, गर्भकोष होता. तो उघडला कॅन्सासमध्ये. म्हणजे सुपरमॅनचा ‘जन्म’ अमेरिकेच्या भूमीवर झाला! अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. १९९१ च्या एका वार्षिकांकातील कल्पित भविष्यात याच मुद्द्यावर सुपरमॅन राष्ट्राध्यक्ष होतो.

बर्न स्वतः इंग्लंडमध्ये जन्मले, कॅनडात वाढले आणि अमेरिकी नायकांवर मोठे झाले. मागे न पाहता नव्या भूमीचे होऊन जाणारा स्थलांतरित त्यांनी रंगवला. ही भूमिका प्रामाणिक आहे, पण ती साऱ्या स्थलांतरितांची नाही. सीगल-पिढीच्या घरांत मागे पाहणे सुटले नव्हते.

१७/
उत्तर यायला सतरा वर्षे लागली. २००३-०४ मधील ‘बर्थराइट’ ही बारा अंकांची मालिका मार्क वेड यांनी लिहिली, लीनिल फ्रान्सिस यू यांनी चितारली. शीर्षकाचा अर्थच जन्मसिद्ध वारसा. इथला तरुण क्लार्क पत्रकार म्हणून पश्चिम आफ्रिकेत फिरतो आणि आपल्या जमातीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या कोबे असुरू या नेत्याच्या सहवासात राहतो. हा माणूस आपला वारसा ताठ मानेने अंगावर मिरवतो, ते पाहून क्लार्कला स्वतःची उणीव जाणवते : मिरवावे असे काही आपल्याकडे आहे का? तो घरी परततो आणि यानासोबत आलेल्या क्रिप्टॉनच्या चित्रांतून आपला वेष घडवतो. छातीवरचे चिन्ह आता आशेचे प्रतीक ठरते. २०१३ च्या चित्रपटाने हीच कल्पना उचलली.

१८/
ही मालिका ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेतली आहे हे पानोपानी जाणवते. लेक्स लुथर लोकांना पटवतो, की हा परका म्हणजे आक्रमणाचा हेर आहे. तो क्रिप्टॉनवासीयांचे खोटे आक्रमणही घडवून आणतो. कालपर्यंत टाळ्या वाजवणारे शहर पाठ फिरवते. १९८६ चा सुपरमॅन परका असल्याचे कोणाला फारसे टोचत नव्हते. २००३ मध्ये तेच आरोपपत्र झाले.

शेवटच्या पानांत क्षणभर काळाच्या आरपार एक खिडकी उघडते. ग्रह कोसळत असताना जोर-एल आणि लारा यांना आपला मुलगा मोठा झालेला दिसतो. १९६० मध्ये सीगलच्या नायकाला जे आईबापांना सांगता आले नव्हते, ते इथे त्यांना कळते.

१९/
त्याच २००३ सालची मार्क मिलर यांची ‘रेड सन’ ही तीन अंकांची कथा उलट बाजूने येते. यान काही तास इकडेतिकडे झाले असते तर? ते युक्रेनमधील सामुदायिक शेतावर पडते आणि मूल सोव्हिएत संघाचा महानायक होते. शुस्टरच्या आईचे गाव कीव्ह, हे लक्षात घेता या ‘काल्पनिक’ जागेला एक निराळीच किनार येते.

शेवट तर थेट १९३४ ला जाऊन भिडतो. हा सुपरमॅन परग्रहावरचा नसतोच. तो पृथ्वीच्याच अतिदूर भविष्यातून मागे पाठवलेला मुलगा असतो. सीगलचा न विकला गेलेला आराखडा जवळपास सत्तर वर्षांनी दुसऱ्या वाटेने छापून आला.

२०/
यानंतर पुनर्कथनांचा पूर आला. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या पहिल्या पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत जन्मकथा संपवली, वाचकाला ती इतकी पाठ आहे, की एवढे पुरते. २००९-१० मध्ये जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या ‘सीक्रेट ओरिजिन’ने चित्रपटातील ख्रिस्तोफर रीव्हचा चेहरा घेऊन जुने क्रिप्टॉनप्रेम परत आणले. २०११ मध्ये मॉरिसन यांनीच जीन्स आणि टी-शर्टवर झूल पांघरलेला, भ्रष्ट धनिकांना उचलून धरणारा तरुण रंगवला. तो १९३८ च्या मूळ नायकाच्या सर्वांत जवळचा आहे. पहिल्याच अंकात त्या मूळ नायकाने बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बदडले होते आणि सेनेटरला वश करणाऱ्या दलालाचा माग काढला होता. २०१९ मध्ये फ्रँक मिलर यांनी क्लार्कला नौदलात धाडले. तो प्रयोग विसरला गेला तरी फारसे बिघडणार नाही.

२१/
जन्मकथेवर सर्वांत बारकाईने विचार मात्र याच काळात एका न्यायालयाने केला. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यात मूळ निर्मात्याला वा त्याच्या वारसांना ठरावीक काळानंतर दिलेले हक्क परत मागता येतात. सीगलच्या पत्नीने आणि मुलीने ते मागितले. २००८ मध्ये न्यायाधीश स्टीफन लार्सन यांनी ‘ॲक्शन कॉमिक्स’ १ मधील सीगलचा वाटा त्यांचा ठरवला. २००९ च्या निकालात तर एकेका अंकाचा, चित्रमालिकेतील एकेका आठवड्याचा हिशेब झाला : ग्रहाचा नाश, क्रिप्टॉनवरचे आईबाप आणि बाळाची पाठवणी वारसांकडे, उडण्याची शक्ती, क्रिप्टोनाइट, लेक्स लुथर प्रकाशकाकडे. जन्मकथेची फाळणी झाली म्हणा ना. फार काळ ती टिकली नाही. जानेवारी २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने २००१ मधील तडजोड बंधनकारक मानली आणि सर्व काही प्रकाशकाकडे राहिले. त्यानंतरच्या अंकांवर सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष कराराचा उल्लेख छापला जातो.

२२/
नोव्हेंबर २०२४ मध्ये जेसन आरन आणि राफा सँडोव्हाल यांची ‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’ सुरू झाली. तिने ८६ वर्षांत कोणी फारसा न केलेला बदल केला. ग्रह फुटतो तेव्हा काल-एल तान्हा नाही. तो कळता मुलगा आहे. त्याचे आईबाप क्रिप्टॉनच्या कष्टकरी वर्गातले आहेत आणि ग्रहाच्या नाशाला तिथले सत्ताधारी जबाबदार आहेत.

त्यामुळे सगळे फिरते. अजाण बाळ दत्तक जाते. कळता मुलगा निर्वासित होतो. त्याला आपली शाळा आठवते, भाषा आठवते, जेवण आठवते, कोण खोटे बोलले तेही आठवते. बर्नच्या क्लार्कला क्रिप्टॉन हे बाहेरून ओतलेले ज्ञान होते. या काल-एलला ते विसरता न येणारे घर आहे. ही मालिका बर्नच्या कथेपेक्षा अधिक उदास आहे, आणि सीगलच्या निनावी कथेच्या अधिक जवळची.

२३/
अमेरिकेत १९३८ च्या प्रकाशनांचा स्वामित्वहक्क ९५ वर्षांनी संपतो. १ जानेवारी २०३४ रोजी ‘ॲक्शन कॉमिक्स’ १ सर्वांसाठी खुला होईल आणि त्यातली कथा कोणालाही नव्याने सांगता येईल. मात्र खुले होईल ते फक्त त्या अंकातले : नाव नसलेला ग्रह, नाव नसलेला बाप, घाईत बनवलेले यान आणि अनाथालय. ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकातले केंट दांपत्य आणि क्रिप्टॉन हे नाव मिळायला आणखी एक वर्ष थांबावे लागेल.